ओढणारी मोटार आणि मागचें घर

१९४७ सालीं अमेरिकेंत काढलेलें एक छायाचित्र पुढें फार प्रसिद्धीस आलें. अल्फ्रेड लेतूर्नर नांवाचा फ्रेंच सायकलपटू आपल्या सायकलीला चकचकीत ॲल्युमिनियमचें एक अख्खें फिरतें घर जोडून तें ओढीत चालला आहे, असें तें चित्र. घर 'एअरस्ट्रीम' कंपनीचें. तें किती हलकें आहे हें जगाला दाखविण्यासाठीं हा खटाटोप केलेला होता. लेतूर्नर हा कांहीं सामान्य सायकलस्वार नव्हता. १९४१ सालीं कॅलिफोर्नियांत एका मोटारीच्या आडोशानें त्यानें ताशीं १०८ मैलांहून अधिक वेग गांठला होता. तरीहि चित्र पाहणाऱ्याच्या मनांत येतें तें हेंच कीं, जें घर माणसाच्या दोन पायांनीं ओढलें जातें तें मोटारीनें ओढण्यांत अवघड तें काय?

पुढें २०१२ सालीं लॉस एंजेल्स शहरांत याहून मोठा चमत्कार लोकांनीं पाहिला. 'एन्डेव्हर' हें निवृत्त अवकाशयान संग्रहालयाकडे नेतांना वाटेंतील एका पुलावरून तें टोयोटाच्या पिकअप मोटारीनें ओढून नेलें. यान आणि त्याखालची चाकांची बैठक मिळून वजन सुमारें २ लक्ष ९२ हजार पौंड, म्हणजे १३२ टन. आणि त्या जातीच्या मोटारीची कंपनीनें सांगितलेली ओढण्याची मर्यादा नऊ-दहा हजार पौंडांची!

दोन्ही प्रसंग खरे आहेत, आणि दोन्ही एकाच गोष्टीची साक्ष देतात. सपाट रस्त्यावर, संथ गतीनें, चाकांवर ठेवलेलें ओझें ओढणें यांत मोठा पराक्रम नाहीं. चाकाचा उपयोगच तो. लेतूर्नरला तेंच घर एखाद्या उतारावर थांबवून दाखवावयास कोणीं सांगितलें असतें, तर छायाचित्रकारानें आपला कॅमेरा निमूटपणें मिटून ठेवला असता. मोटारीमागें घर जोडून मुलाबाळांसह प्रवासास निघणाऱ्या कुटुंबाचा जीव ज्यांवर अवलंबून असतो ते प्रश्न निराळे आहेत. मागच्या घराचा जो भार मोटारीच्या पाठीवर पडतो तो तिला पेलतो काय? वाऱ्यानें तें डोलूं लागलें तर सरळ राखतां येतें काय? आणि घाट उतरतांना तें आवरतां येतें काय? जाहिरातींतील मोठा आंकडा या तीन प्रश्नांचें पुरतें उत्तर देत नाहीं.

मराठी घरांना हा विषय आतां अगदींच परका राहिलेला नाहीं. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेंत स्थायिक झालेली आहे अशीं घरें पुण्या-मुंबईंत पुष्कळ. उन्हाळ्यांत आईवडील तिकडे गेले म्हणजे ट्रेलर भाड्यानें घेऊन यलोस्टोनकडे जाण्याचा बेत निघतो. घरची मोटार सात हजार पौंड ओढते असें कोठेंसें वाचलेलें असतें, ट्रेलर पांच हजारांचा असतो, दोन हजारांची सवलत उरते म्हणून सर्वजण समाधान मानतात, आणि हिशेब संपतो.

चाकांवरच्या घरांतून हौसेखातर हिंडण्याची टूम मूळची इंग्लंडांतील. डॉ. गॉर्डन स्टेबल्स या ग्रंथकारानें १८८५ सालीं ब्रिस्टल येथील कारखान्यांत 'वाँडरर' नांवाचें घर बांधून घेतलें; सुमारें दोन टनांचें तें घर दोन घोडे ओढीत. मोटारीमागें जोडावयाचीं घरें 'एकल्स' कंपनीनें १९१९ च्या सुमारास विक्रीस आणलीं. घोड्यांच्या काळीं एक सोय होती. ओझें झेपेनासें झालें म्हणजे घोडा फेंस गाळी, पाय रोवून उभा राही, आणि मालकाला सामान उतरविण्यावांचून गत्यंतर नसे. मोटारीचें तसें नाहीं. आजचीं एंजिनें इतकीं बळकट आहेत कीं, झेपेल त्याहून बरेंच अधिक ओझें मागें लावलें तरी मोटार सपाटीवर कुरकुर न करतां धांवते. तिची कुरकुर पहिल्या मोठ्या उतारावर ऐकूं येते, आणि त्या वेळीं ती ऐकून फारसें कांहीं करतां येण्यासारखें नसतें.

कंपनीचा आंकडा खोटा असतो असें मात्र कोणीं समजूं नये. एके काळीं प्रत्येक कारखानदार आपापल्या पद्धतीनें तो ठरवी, आणि शेजाऱ्याहून चार पौंड अधिक सांगण्यांत भूषण मानी. २००८ सालीं अमेरिकेंतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेनें 'जे २८०७' या नांवाची एक कसोटी प्रसिद्ध केली. टोयोटानें ती २०११ च्या गाड्यांना प्रथम लावली. इतर मोठे कारखाने कांहीं वर्षांनीं मागोमाग आले. ॲरिझोनांतील डेव्हिस धरणाजवळचा ११.४ मैलांचा चढ हा या कसोटीचा गाभा होय. पारा १०० अंश फॅरनहाइटवर असतांना, मोटारींतील थंड हवेचें यंत्र पूर्ण चालू ठेवून, सुमारें तीन हजार फूट उंचीचा हा चढ ओझ्यासह चढावयाचा आणि वेग ताशीं ४० मैलांच्या खालीं येऊं द्यावयाचा नाहीं. शिवाय शंभरांस बारा असा उभा चढ असलेल्या जागीं थांबलेल्या गाडीनें ओझें पुनःपुन्हा हलवून दाखवावयाचें, आणि वळतांना व डोलतांना ती ताब्यांत राहते किंवा नाहीं हेंहि पाहावयाचें. परीक्षा कडक आहे यांत शंका नाहीं. परंतु या परीक्षेंत मोटारीमध्यें बसलेलीं धरतात तीं माणसें दोनच, प्रत्येकी दीडशें पौंडांचीं. मुलें नाहींत, आजी-आजोबा नाहींत, डिक्कींत शिदोरी नाहीं, छतावर सायकली नाहींत. जाहिरातींतील आंकडा या दोन सडपातळ माणसांच्या प्रवासाचा आहे.

कुटुंबाच्या उपयोगाचा आंकडा मोटारीच्या दारांत सांपडतो. अमेरिकेंतील मोटारीचें चालकाच्या बाजूचें दार उघडलें म्हणजे दाराच्या चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या रंगाची एक चिठ्ठी चिकटविलेली दिसते. माणसें आणि सामान यांचें एकत्रित वजन अमुक किलोंहून कधींहि अधिक होऊं नये, अशा अर्थाचें वाक्य तिच्यावर असतें. हें वजन म्हणजे मोटारीच्या पाठीची ताकद. ट्रेलर चाकांवर असला तरी त्याचा पुढचा दांडा मोटारीच्या मागील गोळ्यावर टेकलेला असतो, आणि त्या दांड्यावरचा भार याच ताकदींतून वजा होतो. पुष्कळांची चूक होते ती येथें. ओढणें आणि वाहणें हीं दोन निरनिराळीं कामें आहेत, आणि मोटारीला दोन्ही एकदम करावीं लागतात.

उदाहरणादाखल एक कुटुंब घ्यावें. मोटारीची ओढण्याची जाहीर मर्यादा ३,४०० किलो, आणि दारांतील चिठ्ठीवर आंकडा ६३५ किलोंचा. नवराबायको व दोन वाढलेलीं मुलें मिळून २८० किलो. बर्फाची पेटी, हत्यारें, कपड्यांच्या बॅगा वगैरे ९० किलो. जोडणीचें लोखंडी सामान ४० किलो. बेरीज ४१० झाली. दांड्यासाठीं उरले २२५. ट्रेलरच्या एकंदर वजनाचे १३ टक्के दांड्यावर येतात असें धरलें, तर २२५ किलोंत बसणारा ट्रेलर १,७३० किलोंचा होतो. जाहिरातींतील आंकड्याच्या जवळजवळ निम्मा! ओढण्याची शक्ति अर्धी शिल्लक आहे, पण पाठीची शक्ति संपली. आतां आजी-आजोबाहि बरोबर निघाले आणि दोघांचे मिळून १३० किलो धरले, तर दांड्यासाठीं ९५ किलो उरतात. तेवढ्यांत ७३० किलोंचा ट्रेलर येईल. त्यांत निजण्यापुरती जागा मिळेल, स्वयंपाकघर व न्हाणीघर विसरावें लागेल. म्हाताऱ्यांना घरीं ठेवावें असा याचा अर्थ नव्हे. त्यांना दुसऱ्या मोटारींतून न्यावें, किंवा ओढणारी मोटारच अधिक वाहणारी घ्यावी. पण आधीं बेरीज करावी.

ट्रेलरच्या वजनांतहि अशीच एक मेख आहे. विक्रेत्याच्या पत्रकांत जें वजन छापलेलें असतें तें बहुधा रिकाम्या ट्रेलरचें असतें. १५० लिटरांची टाकी भरली कीं १५० किलो वाढले. गॅसचीं नळकांडीं, बॅटरी, भांडीं, अंथरुणें, डबे आणि 'असूं द्यावें' म्हणून घेतलेल्या दहा वस्तु, या सर्वांचें वजन कोणी करीत नाहीं. यासाठीं रिकामें वजन विसरून ट्रेलरच्या पाटीवर कोरलेलें त्याचें भरल्या स्थितींतील कमाल वजन हिशेबाला घ्यावें, हें उत्तम.

आतां कोणी म्हणेल कीं, दांड्यावर १३ टक्के भार हवाच कशाला? ट्रेलर आंसावर तोलून धरला आणि दांडा हलका ठेवला तर मोटारीची पाठ मोकळी राहील. या शंकेचें उत्तर आपल्याकडील बैलगाडीवाल्याला पाठ असतें. ओझें आंसाच्या मागें गेलें कीं गाडी उलाळ होते. जू वर उचललें जातें, बैलांच्या मानेखालची दोरी गळ्याला काचते, आणि चढावर तीं मुकीं जनावरें कासावीस होतात. उलट ओझें फार पुढें आलें तर जू मानेवर बसतें आणि खांदे सोलवटतात. म्हणून पोतीं रचतांना तो गाडी पुढून उचलून अंदाज घेतो आणि बेताचा भार बैलांकडे ठेवतो. अमेरिकन लोक ट्रेलरच्या दांड्याला 'जीभ' म्हणतात आणि इंग्रज त्यालाच 'नाक' म्हणतात. अवयव बदलला तरी नियम बैलगाडीचाच.

बैलाला जें संकट ठाऊक नाहीं तें मात्र वेगाबरोबर येतें, आणि तें म्हणजे ट्रेलरचें डोलणें. शेजारून एखादा मोठा ट्रक जोरानें गेला कीं त्याच्या पुढची हवा ट्रेलरला बाजूला ढकलते आणि नंतर आंत ओढते. ट्रेलर जोडणीच्या गोळ्याभोंवतीं किंचित् वळतो. त्याचीं चाकें त्याला परत ओळीवर आणतात, पण तो ओळीवर न थांबतां दुसऱ्या बाजूला जातो, झोपाळ्याप्रमाणें. वेग कमी असेल तर प्रत्येक झोका आधींच्याहून लहान होतो आणि दोनचार हेलकाव्यांत ट्रेलर शांत होतो. वेग वाढतो तसा हा शांत होण्याचा गुण कमी कमी होत जातो. एका विशिष्ट वेगानंतर प्रत्येक झोका आधींच्याहून मोठा होऊं लागतो, आणि मग ट्रेलर मोटारीच्या शेपटीला धरून तिलाच फिरवितो. तो वेग कोणता, हें ज्याच्या त्याच्या भरणीवर अवलंबून असतें. सरकत्या पट्ट्यावर खेळण्यांतली मोटार आणि ट्रेलर ठेवून हा प्रयोग दाखवितात. ट्रेलरमधील वजन पुढें असतांना बोटानें धक्का दिला तरी तो लगेच सरळ होतो. तेंच वजन मागें सरकवून तेवढाच धक्का दिला कीं क्षणार्धांत सगळें उलटतें. पाहणाऱ्याला हंसूं येतें, पण तें खेळण्यांतलें असतें म्हणून.

इंग्लंडांतील बाथ विद्यापीठांत खऱ्या मोटारीमागें खरा ट्रेलर जोडून याच विषयाचा अभ्यास झाला. दांड्यावरील भार आणि आंसाची जागा यांच्याइतकेंच आणखी एका गोष्टीला महत्त्व आहे असें त्यांत दिसून आलें: वजन ट्रेलरच्या दोन टोकांना वांटलेलें आहे कीं मध्यें एकवटलेलें आहे. पुढें पेटी आणि मागें सायकली ठेवून तोल बरोबर साधला तरी असा दोन्ही टोकांना जड असलेला ट्रेलर एकदां फिरूं लागला म्हणजे सहजीं थांबत नाहीं. जड सामान खालीं, तळाशीं, आंसाच्या किंचित् पुढें. हलकें सामान टोकांना व वर, अशी भरणी त्यामुळें श्रेयस्कर.

भार किती असावा याविषयीं अटलांटिकच्या दोन तीरांवर दोन रिवाज आहेत. अमेरिकेंत १० ते १५ टक्के सांगतात. पिकअपच्या हौद्यांत, मागील आंसावर जोडल्या जाणाऱ्या मोठ्या ट्रेलरांना १५ ते २५ टक्के. इंग्लंडांत ५ ते ७ टक्क्यांवर भागवितात, कारण तेथील मोटारी लहान, त्यांच्या जोडणीची मर्यादा बहुधा ७५ ते १०० किलोंची, आणि ट्रेलरसह वेगाची मर्यादा साध्या रस्त्यावर ताशीं ५० मैल व महामार्गावर ६० मैल. तिकडे नवशिक्याला आणखी एक सल्ला देतात: भरलेला ट्रेलर मोटारीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांहून जड नसावा. हा कायदा नव्हे, शहाणपण आहे. अमेरिकेंत मोटारीहून जड ट्रेलर सर्रास दिसतात, तेव्हां तेथें रूढ असलेला प्रघात उचलून इंग्लंडांतल्या लहान मोटारीला लावणें, किंवा त्याच्या उलट करणें, धोक्याचें आहे. एकाच देशाचे नियम शेवटपर्यंत पाळावे.

दांडा जड असला कीं मोटारीची शेपटी खालीं बसते आणि नाक वर येतें. रात्रीं समोरच्याच्या डोळ्यांवर दिवे जातात हा त्यांतला लहान तोटा. मोठा तोटा असा कीं, पुढचीं चाकें हलकीं होतात. आणि मोटार वळते तीं पुढच्या चाकांनीं, थांबते तीहि मुख्यतः पुढच्याच चाकांनीं. यावर अमेरिकेंत भार वांटून देणारी जोडणी वापरतात. तिच्यांत दोन लवचीक पोलादी दांडे तरफेसारखे काम करतात आणि शेपटीवरचा कांहीं भार मोटारीच्या पुढच्या आंसावर व कांहीं ट्रेलरच्या आंसावर ढकलतात. ही युक्ति फार उपयोगाची आहे, परंतु तिच्याविषयीं एक गैरसमजहि फार पसरला आहे. तिनें ट्रेलर हलका होत नाहीं. ज्या मोटारीची बेरीजच चुकली आहे तिला ही जोडणी सावरूं शकत नाहीं. फक्त तिची शेपटी वर दिसूं लागते, आणि मालकाला वाटतें कीं सर्व ठीक झालें.

ट्रेलर डोलूं लागला असतां काय करावें हें घरांतून निघण्यापूर्वींच चालकाच्या मनांत पक्कें असावें, कारण त्या वेळीं विचार करण्यास अवधि मिळत नाहीं. मोटारीचा ब्रेक जोरानें दाबूं नये, आणि वेग वाढवून ट्रेलरला ताणून धरण्याच्या भानगडींतहि पडूं नये. चाक सरळ धरावें, वेग देणाऱ्या पट्टीवरून पाय काढावा. अमेरिकन ट्रेलरांना विजेचे ब्रेक असतात आणि ते निराळे लावण्याचें बटण चालकाच्या हाताशीं असतें. तें हलकेंच दाबलें कीं मागून ट्रेलर ताणला जातो आणि ओळीवर येतो. युरोपांत ही व्यवस्था निराळी आहे. तेथें मोटार मंदावली कीं ट्रेलर पुढें रेटतो, दांडा आंत दबतो, आणि त्या दाबानेंच ट्रेलरचे ब्रेक लागतात. ७५० किलोंवरील ट्रेलरला ब्रेक असलाच पाहिजे असा तिकडे नियम आहे. दोन्हीकडे जोडणी तुटलीच तर ट्रेलरचा ब्रेक आपोआप लागावा म्हणून एक बारीक तार जोडलेली असते. ती तार जोडणीच्या गोळ्याला गुंडाळून ठेवणारे लोक आहेत! गोळा निसटला तर ती कोणाला ओढणार, हा विचार त्यांना सुचत नाहीं.

उताराची गोष्ट मुद्दाम शेवटीं ठेवली आहे. कोलोरॅडोंतील आयसेनहॉवर बोगदा १९७३ सालीं खुला झाला. समुद्रसपाटीपासून तो ११ हजार फुटांहून उंच आहे. हवा विरळ होते तशी साध्या एंजिनाची शक्ति दर हजार फुटांस सुमारें तीन टक्के घटते, म्हणजे बोगद्याशीं पोंचेपर्यंत तिचा एक तृतीयांश भाग गेलेला असतो. टर्बो लावलेल्या एंजिनाला हा त्रास पुष्कळ कमी. पण चढतांना फार तर वेळ लागेल. बोगद्याच्या पश्चिमेस शंभरांस सातचा उतार लागतो, आणि ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांना शिरण्यासाठीं त्या रस्त्याच्या कडेला मुद्दाम बांधलेल्या चढत्या वाटा आहेत. त्या पाहिल्या म्हणजे उताराची कल्पना येते. अशा ठिकाणीं सतत ब्रेक दाबून धरला तर तो तापतो आणि तापला कीं धरीनासा होतो. खंडाळ्याच्या घाटांत जुने ट्रकवाले जें करीत आले तेंच तेथें करावें: ज्या गियरांत चढ चढला असता त्याच गियरांत उतरावें, वेग उतार सुरू होण्यापूर्वींच कमी करावा, आणि ब्रेक मधून मधून ठामपणें लावून पूर्ण सोडावा. ताशीं ५५ मैलांऐवजीं ६५ मैलांनीं धांवणारी गाडी थांबवावयाची तर ब्रेकांना सुमारें ४० टक्के अधिक उष्णता पोटांत घ्यावी लागते. वांचलेल्या दहा मिनिटांची ही किंमत आहे. ट्रेलरांचे पुष्कळसे टायरहि ताशीं ६५ मैलांपर्यंतच बनविलेले असतात. त्यांतील हवा थंड असतांना मोजावी आणि ते फार जुने झाले असल्यास नुसत्या खांचा शाबूत आहेत म्हणून विश्वासूं नये.

एवढा हिशेब कागदावर झाला तरी तो अंदाजच असतो. अमेरिकेंत मोठ्या रस्त्यांच्या कडेला ट्रकांच्या थांब्यावर वजनकांटे असतात. त्यांच्या निरनिराळ्या फळ्यांवर मोटारीचा पुढचा आंस, मागचा आंस आणि ट्रेलरचीं चाकें यांचें वजन वेगवेगळें मिळतें. खर्च किरकोळ आहे. सर्व माणसें आंत बसवून, टाक्या भरून, तीनदां वजन करावें: एकदां ट्रेलर जोडून पण भार वांटणारे दांडे सैल ठेवून, दुसऱ्यांदा ते ताणून, आणि तिसऱ्यांदा ट्रेलर सोडून नुसत्या मोटारीचें. पहिल्या वेळच्या मोटारीच्या दोन आंसांच्या बेरजेंतून तिसऱ्या वेळची बेरीज वजा केली कीं दांड्यावरचा खरा भार कळतो. पहिल्या व दुसऱ्या वेळचा पुढचा आंस ताडून पाहिला कीं जोडणीनें किती काम केलें तें कळतें. भार कमी भरला तर ट्रेलरमधील पाण्याचे डबे व डब्यांतील शिधा आंसाच्या पुढें सरकवावा. मागील आंस मर्यादेबाहेर गेला तर मोटारींतलें सामान कमी करावें, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर ट्रेलर बदलावा. भाड्याच्या गोदामाशीं परत जाऊन लहान ट्रेलर मागतांना पोरांचीं तोंडें उतरतील. वजनाच्या चिठ्ठ्या त्यांना दाखवाव्या. बेरीज-वजाबाकी येणाऱ्या मुलाला त्या वाचतां येतात.